फरशी घराची की सामानाची?

पावसाळा सरला की या सदराकडे ओल आणि गळतीची पत्रं येतात. या खेपेला त्यांतली बरीच पायाखालच्या फरशीबद्दल आहेत, आणि प्रश्न जवळजवळ एकच: विमा कंपनीकडे ही फरशी ‘इमारत’ म्हणून मागायची की ‘घरातलं सामान’ म्हणून? निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत.

ठाण्याहून एक वाचक: आम्ही बाहेर असताना वॉशिंग मशीनला पाणी देणारा पाइप फुटला. पाच-सहा तास पाणी वाहत होतं. बेडरूममधलं लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट फुगलं, हॉलमधल्या दहा-बारा टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजतात आणि मोठा गालिचा कामातून गेला. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आहे. इमारत 18 लाख, सामान 3 लाख 60 हजार. एजंट म्हणतो, सगळं सामानातच टाका, लवकर सुटेल. बरोबर आहे का?

नाही. तीन वस्तूंचे तीन हिशोब आहेत, ते एकत्र कालवू नका.

‘भारत गृह रक्षा’ ही विमा नियामकाने आखून दिलेली पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर सारखाच. त्यात इमारत म्हणजे नुसत्या भिंती आणि स्लॅब नव्हे. जमीन, भिंत किंवा छत यांना कायमचं जोडलेलं सगळं इमारतीत येतं. सिमेंटात बसवलेली टाइल, शहाबादी, कोटा, कडाप्पा, संगमरवर, सगळं यात बसतं. म्हणजे हॉलच्या टाइल्स इमारत, त्यात वाद नाही. गालिचा गुंडाळून उचलता येतो, तो सामान. (हाताने विणलेला भारी गालिचा असेल तर तो मौल्यवान वस्तूंत मोडतो आणि त्याचं संरक्षण वेगळं, आधी किंमत ठरवून घ्यावं लागतं. घेतलेलं नसेल तर तो साध्या सामानातून मिळेल असं धरून चालू नका.)

घोळ आहे लॅमिनेटचा. ते जमिनीला चिकटवलेलं नसतं. खाली साधारण 2 मिलिमीटर फोम, त्यावर 8 किंवा 12 मिलिमीटरच्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या, आणि कडेला स्कर्टिंगने दाबलेल्या. एखादा सर्व्हेअर (नुकसान पाहायला कंपनी पाठवते तो) म्हणू शकतो, हे तर मोकळं आहे, सामान धरा. त्याला दाखवायचं ते असं: पट्ट्या खोलीच्या मापाने कापल्या आहेत, स्कर्टिंग भिंतीला खिळ्यांनी ठोकलं आहे, दाराच्या उंबऱ्याशी पट्टी स्क्रूने बसवली आहे आणि घर बदलताना हे कुणी काढून नेत नाही. आमच्या मते ते इमारतीतच मागावं. तुमच्या 18 लाखांत ते सहज बसतं. सामानाच्या 3 लाख 60 हजारांत मात्र गालिच्याबरोबर पलंग, कपाट, फ्रिज असं काय काय बसवावं लागेल. ही रक्कम म्हणजे इमारतीच्या विम्याचे 20 टक्के. सामानाची यादी न देता आपोआप मिळते, कमाल 10 लाखांपर्यंत. कमी वाटत असेल तर नूतनीकरणाच्या वेळी यादी देऊन वाढवून घ्या आणि तेव्हाच लॅमिनेट इमारतीत धरल्याचं ईमेलने लिहून मागा.

पण इमारत की सामान हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न आहे, फरशी कशाने बिघडली. ही पॉलिसी ‘काहीही झालं तरी भरपाई’ अशी नाही. कारणांची यादी ठरलेली आहे. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, बाहेरच्या वस्तूचा आघात, दंगल वगैरे. त्या यादीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं हेही आहे. तुमचं प्रकरण इथे बसतं. हेच पाणी बाथरूमच्या सांध्यातून सहा महिने झिरपत असतं, तर बसलं नसतं. म्हणून अर्जात ‘लीकेज’ हा शब्द लिहू नका. कुठला पाइप, कधी फुटला, केव्हा लक्षात आलं, कॉक कुणी बंद केला, हे तारीख-वेळेसह लिहा, आणि फुटलेला पाइप फेकू नका. तो तुमचा मुख्य पुरावा आहे. त्याच्या किमतीची आशा मात्र धरू नका.

आता हॉलच्या टाइल्स. इथे थोडं कडू सांगावं लागेल. लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडी भुसा असतो, तो काही तासांत फुगतो आणि परत बसत नाही. व्हिट्रिफाइड टाइल मात्र अर्धा टक्काही पाणी पीत नाही. पाच-सहा तासांच्या पाण्याने ती सुटत नाही. बहुतेक वेळा ती मुळातच खाली नीट माल न भरता बसवलेली असते आणि आपण पहिल्यांदा ठोकून पाहतो ते पाणी साचल्यावर. सर्व्हेअर अनुभवी असेल तर तो पाणी न पोचलेल्या खोलीतल्या टाइल्सही ठोकेल. त्याच्या आधी तुम्ही ठोका. नाण्याने किंवा लाकडी दांडीने प्रत्येक टाइलचे चार कोपरे आणि मध्य वाजवा, बद्द वाजली की खडूने फुली मारा, फोटो काढा. कोरड्या खोलीतही तितक्याच फुल्या निघाल्या तर हॉलच्या टाइल्सचा आग्रह सोडा. त्या एका मागणीपायी लॅमिनेटच्या खऱ्या मागणीवरही शंका घेतली जाते.

लॅमिनेटचं कोटेशन मोघम नको. ‘बेडरूम फ्लोअरिंग, एकरकमी’ असं आलं की सर्व्हेअर त्यातून मनाला येईल ते वजा करतो. खोली 12 बाय 10 फूट असेल तर क्षेत्र 120 चौरस फूट, कापाकापीचे 10 टक्के धरून 132. स्कर्टिंगला परिघ 44 फूट, दाराचे 3 वजा, म्हणजे 41 रनिंग फूट. शिवाय नवा फोम, उंबऱ्याची पट्टी, जुनं काढणं, ते खाली नेऊन टाकणं, कपाट-पलंग सरकवण्याची मजुरी, आणि नव्या पट्ट्या जाड असतील तर दार खालून घासणं. स्कर्टिंग लोक हमखास विसरतात, आणि ओलं स्कर्टिंग परत लागत नाही. एका कोपऱ्यातलंच फुगलं असलं तरी या पट्ट्या एका भिंतीपासून ओळीने अडकवलेल्या असतात, मधली बदलायची तर भिंतीपर्यंतची सगळी ओळ उकलावी लागते. हे ठेकेदाराकडून कोटेशनवरच लिहून घ्या. डिझाइन बाजारातून गेलं असेल तर दुकानदाराचं तसं पत्र जोडा. रंग जुळण्यासाठी न बिघडलेला भाग बदलून देईन, असं पॉलिसी कुठेही म्हणत नाही, त्यामुळे इथे कागदाला वजन येतं.

सर्व्हेअर येण्याआधी दुरुस्ती करू नका, पण नुकसान वाढू देऊ नका हीसुद्धा पॉलिसीचीच अट आहे. पाणी पुसा, पट्ट्या उचलून खालची जमीन उघडी करा, पंखे लावा. उचललेल्या पट्ट्या गच्चीत किंवा बाल्कनीत रचून ठेवा. कंपनीला कळवणं त्याच दिवशी, क्लेम फॉर्म 30 दिवसांच्या आत. नवीन फ्लोअरिंग टाकण्याआधी जमिनीवर प्लॅस्टिकचा दोन फुटी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर अजून थांबा. नाहीतर नवं फ्लोअरिंगही फुगेल, आणि त्या वेळी कंपनी काही देणार नाही.

एक आडवा मुद्दा, तुम्ही विचारला नाही तरी. तुमच्या पाण्याने खालच्या मजल्याचं छत खराब झालं असेल तर त्याची भरपाई तुमच्या या पॉलिसीतून होत नाही. त्यांनी त्यांच्या पॉलिसीतून मागावी.

पुण्याहून एक वाचक: जानेवारीत पहाटे फटाक्यासारखा आवाज झाला आणि हॉलमधल्या चार टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहिल्या. कंपनीने क्लेम नाकारला. ताबा मिळून तीन वर्षं झाली आहेत. इमारतीचा विमा असताना फरशी का मिळत नाही?

फरशी इमारतीतच आहे. नाकारलं ते कारणामुळे. थंडीने किंवा उन्हाने टाइल उचलली जाणं यादीत नाही. कंपनीशी भांडण्यात वेळ घालवू नका. तुमचा दरवाजा बिल्डरचा आहे. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायावरच्या कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वतःच्या खर्चाने काढून द्यायचा असतो. लेखी कळवा, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट दोन्हीने. सोबत उभ्या टाइल्सचे फोटो आणि खाली उघडा पडलेला माल. टाइलच्या मागची बाजू स्वच्छ कोरी असेल, माल जमिनीलाच राहिला असेल, तर चिकटलीच नव्हती याचा तो पुरावा. तो फोटो नक्की काढा.

असं होतं कारण मोठ्या टाइल्स एकमेकींना आणि भिंतीला टेकवून, मध्ये जागाच न सोडता बसवतात. खालचा स्लॅब वर्षानुवर्षं आकसत असतो, टाइल्स तापमानाने हलतात, जागा मिळाली नाही की सगळ्यात कच्ची ओळ वर उसळते. पाणी न पिणारी टाइल नुसत्या सिमेंटच्या घोलावर धरत नाही, ते निराळंच. दुरुस्तीत फक्त चार टाइल्स परत दाबून बसवू देऊ नका, पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या चार उठतील. सांध्यात 2 ते 3 मिलिमीटरचे स्पेसर, खोलीच्या चारी कडांना स्कर्टिंगखाली 6 ते 8 मिलिमीटर मोकळी फट, आणि घोलाऐवजी पॉलिमरवालं टाइल अॅडहेसिव्ह दातेरी थापीने पसरून. फट सिमेंटने भरायची नाही. स्कर्टिंग तिला झाकतं.

सांगलीहून एक वाचक: कृष्णेचं पाणी दोन दिवस घरात तीन फूट होतं. भिंती, प्लास्टर, दारं यांचा क्लेम मिळाला. दोन महिन्यांनी हॉलची शहाबादी फरशी मध्यभागी खचली. पुन्हा कळवल्यावर सर्व्हेअरने लिहिलं, भरावाची जमीन दबली, त्यामुळे देय नाही. घर जुनं, तळमजल्याचं, इमारतीचा विमा चालू आहे.

इथे शब्द महत्त्वाचे आहेत. पॉलिसीत जमीन खचणे हे एक वेगळं कारण आहे आणि त्याच्या खाली काही अपवाद दिले आहेत. त्यांतला एक ‘भराव घातलेली जमीन दबणे’. सर्व्हेअरने तो उचलला. पण तुम्ही खचण्याखाली मागतच नाही. तुम्ही मागता पुराखाली, आणि पूर हे स्वतंत्र कारण आहे. बैठ्या घराच्या जोत्यात मुरमाचा भराव असतोच. पुराचं पाणी तो भिजवतं आणि ओसरताना बारीक कण घेऊन जातं. वरची फरशी काही आठवडे आपल्या जिवावर टिकते, मग बसते. उशिरा दिसलं, तरी कारण पूरच. तेव्हा नवीन क्लेम नको. जुन्याच क्लेम क्रमांकावर ‘पुरामुळे नंतर उघड झालेलं नुकसान’ असं लिहून फेरतपासणी मागा, आणि पत्रात ‘खचली’ या शब्दाबरोबर दर वेळी ‘पुराच्या पाण्याने भराव वाहून गेल्यामुळे’ हे जोडा.

पुरावा असा तयार करा. पाण्याच्या लेव्हलच्या नळीने भिंतीवर चारी बाजूंनी एक रेघ मारून घ्या, तिच्यापासून फरशीपर्यंतचं अंतर दर तीन फुटांवर मोजा आणि खोलीच्या नकाशावर आकडे लिहा. मध्यभागी दोन फरश्या उचलून खालची पोकळी टेप धरून दाखवा, फोटोत टेपचा आकडा वाचता आला पाहिजे. पुराच्या वेळचा तलाठ्याचा पंचनामा आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो जोडा. स्थापत्य अभियंत्याचं एक पानी पत्र घ्या. त्याची फी वाया जात नाही. अभियंत्याची व वास्तुविशारदाची फी क्लेमच्या 5 टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा काढायचा खर्च 2 टक्क्यांपर्यंत पॉलिसीत धरलेला आहे.

अंदाजपत्रकात नुसती फरशी लावू नका. काम खालून वर लिहा. फरशी उचलणं, चिखल झालेला भराव काढणं, नवा मुरूम 15-15 सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून धुम्मसणं, त्यावर 10 सेंटिमीटर 1:4:8 चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, 1:6 चा (सिमेंट, वाळू) बेड, मग शहाबादी. तुमच्या जुन्या फरशीखाली काँक्रीट नसेल तर कंपनी ते ‘सुधारणा’ म्हणून कापू शकते. होती तशी करून देणं तिचं काम, होती त्याहून चांगली करणं नाही. कापलं तर त्या एका ओळीवर अडून बसू नका. काँक्रीट स्वतःच्या पैशांनी घाला, पण घालाच. शहाबादीच्या जागी व्हिट्रिफाइड टाकायची हौस असली तरी मागणी शहाबादीचीच करा.

नकार कायम राहिला तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटत नाही, तर विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयात, अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही (तिथे चालतही नाही). 50 लाखांपर्यंतच्या भरपाईचे निवाडे त्यांच्या हातात असतात.

नाशिकहून एक वाचक: स्वयंपाकघरात वरवंटा निसटून पडला आणि इटालियन मार्बल तडकला. मिळेल?

भारत गृह रक्षातून मिळेल असं वाटत नाही. आघात यादीत आहे, पण तो बाहेरून आलेल्या वस्तूचा, म्हणजे वाहन, पडलेलं झाड, कोसळलेली भिंत असा. हातून झालेल्या अपघाताचं संरक्षण काही कंपन्या वेगळ्या पॉलिसीत जादा हप्त्यावर देतात. वाळवी, उंदीर, डाग, झीज ही मात्र तिथेही नाहीत. तडा बारीक असेल तर रंग मिसळलेलं इपॉक्सी भरून त्यावर पॉलिश, एवढ्यावर भागतं.

डोंबिवलीहून एक वाचक: सोसायटीचा इमारतीचा विमा आहे, गृहकर्ज देताना बँकेनेही एक पॉलिसी काढायला लावली. मग फरशी कोणाकडे मागायची?

सोसायटीच्या पॉलिसीचं शेड्यूल सचिवांकडून मागून वाचा. काही ठिकाणी फक्त सांगाडा आणि सामाईक भाग धरलेले असतात, काही ठिकाणी बिल्डरने दिलेली आतली फरशीही. तुम्ही नंतर बसवलेला महागडा मार्बल सोसायटीच्या रकमेत सहसा नसतो, तो तुमच्या पॉलिसीत दाखवा. दोन्हीकडे संरक्षण असलं तरी खर्चाहून जास्त मिळत नाही. आणि बँकेच्या पॉलिसीत बँकेचं नाव घातलेलं असतं. तिथून येणारी रक्कम आधी बँकेकडे जाते. दुरुस्तीसाठी ती तुम्हाला सोडावी, असं पत्र शाखेकडे क्लेमच्या वेळीच द्या.

स्लाउ, इंग्लंडहून एक वाचक: आमचा लीजहोल्ड (लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याचा) फ्लॅट आहे. डिशवॉशर गळून स्वयंपाकघरातलं लॅमिनेट आणि त्याला लागून असलेल्या हॉलचं भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट गेलं. माझ्याकडे फक्त कंटेंट्स इन्शुरन्स (सामानाचा विमा) आहे. कंपनी म्हणते, लॅमिनेट आमचं नाही.

कंपनी बहुधा बरोबर आहे, पण तुमचे पैसे बुडाले असं नाही. तिकडे इमारत आणि सामान ही दोन सरळ वेगळी संरक्षणं असतात. टाइल्स, लाकडी फ्लोअरिंग आणि लॅमिनेट बहुतेक कंपन्या इमारतीत धरतात. कार्पेट मात्र कडेला खिळेपट्टीवर ताणून बसवलेलं असूनही सामानात! भारतातल्या ‘चिकटलेलं की मोकळं’ या कसोटीने जाल तर नेमके उलट फसाल. म्हणून कार्पेट तुमच्या कंटेंट्समधून मागा, खालच्या अंडरलेसकट (कार्पेटखालच्या मऊ थरासकट).

लॅमिनेटसाठी फ्रीहोल्डरने (इमारतीच्या मूळ मालकाने) संपूर्ण इमारतीचा जो विमा काढलेला असतो (त्याचा हप्ता तुमच्या सर्व्हिस चार्जमधूनच जातो) तो उघडा. मॅनेजिंग एजंटकडे पॉलिसीची प्रत मागा आणि दोन गोष्टी पाहा: ‘एस्केप ऑफ वॉटर’खालचा (पाइप-यंत्रातून निसटलेल्या पाण्याचा) एक्सेस, म्हणजे क्लेममधली आपण स्वतः सोसायची रक्कम किती, आणि फ्लॅटधारकाने स्वतः केलेल्या सुधारणा धरल्या आहेत का. पाण्याच्या नुकसानीचा एक्सेस इतर कारणांपेक्षा बराच मोठा असू शकतो. छोट्या स्वयंपाकघराचं लॅमिनेट त्याहून स्वस्त असेल तर क्लेम करण्यात अर्थ नाही, उगाच नोंद मात्र राहते. तुमच्या कंटेंट्स पॉलिसीतही ‘टेनंट्स इम्प्रूव्हमेंट्स’ (राहणाऱ्याने केलेल्या सुधारणा) असं कलम असतं का पाहा. लॅमिनेट तुम्ही स्वतः घातलं असेल तर कधीकधी ते तिथून निघतं.

डिशवॉशर किती दिवस गळत होता, हा प्रश्न तिकडेही येणारच. हळूहळू गळणं तिथेही वगळलेलं असतं. यंत्र बाहेर ओढून मागच्या नळीचा आणि खालच्या जमिनीचा फोटो काढा. काळी बुरशी आणि कुजलेली पट्टी दिसली तर ते जुनं, स्वच्छ आणि फक्त फुगलेलं असेल तर ताजं. कंपनीचं अंतिम उत्तर पटलं नाही, किंवा तक्रारीनंतर आठ आठवडे गेले, तर फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे (तिकडच्या लोकपालाकडे) जाता येतं. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, आणि ग्राहकाला फी नाही.